कोरफडीची रोपे टिश्यू कल्चरने: क्रम, प्रमाण आणि नेमके कुठे बिघडते

महाराष्ट्रात टिश्यू कल्चरचे (बाटलीत निर्जंतुक माध्यमावर रोपे वाढवण्याचे) काम शिकलेले बहुतेक हात केळीवर शिकलेले असतात. तीच सवय कोरफडीवर चालवली की तीन ठिकाणी नुकसान होते. बाटलीत लावायचा तुकडा पिवळ्या चिकासकट जातो आणि काळा पडतो. बीएपीचे (फुटवे आणणाऱ्या हार्मोनचे) प्रमाण केळीइतके ठेवले की फुटवे काचेसारखे पारदर्शक होतात. शेवटी हार्डनिंगला (बाटलीतल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावताना) केळीसारखा धुके सोडणारा फॉगर चालवला की रोपे बुडापासून सडतात. पुढची पद्धत या तीन जागा डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम मोडल्याने होणारे नुकसान पुढच्या टप्प्यात भरून काढता येत नाही.

आधी एक हिशेब करा. ६० बाय ६० सेंटिमीटरवर लागवड केली तर एकराला सुमारे ११,००० रोपे लागतात. हजार-दोन हजार रोपांपुरतीच गरज असेल आणि निरोगी जुनी झाडे हाताशी असतील, तर बुडाची पिल्ले काढून लावणे स्वस्त पडते. एकाच उत्तम झाडापासून एकसारखी हजारो रोपे हवी असतील तेव्हाच बाटलीकडे वळा.

टप्पा १ : मातृझाडाची तयारी (३ ते ४ आठवडे आधी)

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि बुरशी लागली की दोष मात्र लॅमिनारला (गाळलेल्या हवेच्या कपाटाला) दिला जातो. शेतातून उपटून त्याच दिवशी आणलेल्या पिल्लाच्या पानांच्या बेचक्यात माती, शेणखताचे कण आणि बुरशीचे बीजाणू बसलेले असतात. तिथपर्यंत कोणतेही औषध नीट पोहोचत नाही.

निवडलेली झाडे कुंडीत, पावसापासून आडोशाला, कोरड्या हवेशीर जागी हलवा. पाणी फक्त बुडाशी द्या, वरून अजिबात नको. शेणखत, जीवामृत, स्लरी बंद. पिल्ले काढण्याच्या आठवडाभर आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक (५० टक्के पावडर) लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारा.

झाड निवडताना पूर्ण वाढलेले झाड पाहा. गरासाठी लावायच्या कोरफडीच्या लहान पिल्लांवर पांढरे ठिपके असतात, पण झाड मोठे होताना ते पुसट होत जातात आणि फूल पिवळे येते. मोठेपणीही पानभर ठिपके टिकणारे, नारिंगी फुलांचे, आटोपशीर झाड हा वेगळा प्रकार आहे. तो चुकून बाटलीत गेला तर चूक हजारोंनी वाढून शेतात उतरते.

पिल्लू ८ ते १० सेंटिमीटर उंचीचे, घट्ट बुडाचे घ्या.

*तपासणी : पिल्लू मधोमध उभे चिरून एक नमुना पाहा. खोडाची चकती पांढरट आणि कडक हवी. तपकिरी रेघ किंवा मऊ भाग दिसला तर त्या झाडाची सगळी पिल्ले बाजूला ठेवा.*

टप्पा २ : माध्यम बनवणे

माध्यम (बाटलीत तुकड्याला पोसणारे, अगारने घट्ट केलेले द्रावण) कामाच्या किमान ४ दिवस आधी तयार हवे. आज बनवले आणि आजच वापरले, तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण) नीट झाला होता की नाही हे कधीच कळत नाही.

हार्मोनचे साठा-द्रावण आधी करून ठेवा. १०० मिलिग्रॅम बीएपी एक नॉर्मल कॉस्टिक सोड्याच्या थोड्या थेंबांत पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. आता १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम बीएपी आहे. एनएए आणि आयबीए (मुळे आणणारी हार्मोन) याच रीतीने. थेट पाण्यात टाकलेली पावडर विरघळत नाही, तळाशी बसते. मग एका बाटलीत फुटवेच फुटवे आणि शेजारच्या बाटलीत काहीच नाही, असे दिसू लागते. साठा-द्रावण फ्रिजमध्ये ठेवा, तारीख लिहा, तळाशी खडे दिसले तर टाकून द्या.

एक लिटर माध्यमाची प्रमाणे :

सुरुवातीचे माध्यम — एमएस पावडर (मुराशिगे-स्कूग, तयार क्षारांचे मिश्रण) १ लिटरचे पाकीट, साखर ३० ग्रॅम, बीएपी १ मिलिग्रॅम, ॲस्कॉर्बिक आम्ल १०० मिलिग्रॅम, सायट्रिक आम्ल ५० मिलिग्रॅम, पीव्हीपी (तपकिरीपणा रोखणारी पावडर) १ ग्रॅम, अगार ८ ग्रॅम.

फुटव्यांचे माध्यम — एमएस पूर्ण, साखर ३० ग्रॅम, बीएपी २ मिलिग्रॅम, एनएए ०.२ मिलिग्रॅम, ॲस्कॉर्बिक आम्ल ५० मिलिग्रॅम, अगार ८ ग्रॅम.

मुळांचे माध्यम — एमएस निम्मे (१ लिटरचे पाकीट २ लिटरला), साखर २० ग्रॅम, आयबीए ०.५ मिलिग्रॅम, सक्रिय कोळसा १ ते २ ग्रॅम, अगार ८ ग्रॅम. यातली साखर, आयबीए, कोळसा आणि अगार प्रत्येक लिटरला मोजायचे.

कोळसा फक्त मुळांच्या माध्यमात घाला. तो चिकाबरोबर हार्मोनही शोषून घेतो, त्यामुळे फुटव्यांच्या माध्यमात टाकला की बीएपी मोजून घालण्याला अर्थ उरत नाही.

घालण्याचा क्रम असा :

१. ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड किंवा चांगले आरओ पाणी. बोअरचे जड पाणी अजिबात नको.
२. एमएस पावडर. पूर्ण विरघळून पाणी नितळ होईपर्यंत ढवळा. पाकीट फोडल्यावर पावडर ओल धरते, गुठळ्या झालेली वापरू नका.
३. साखर, हार्मोन, ॲस्कॉर्बिक व सायट्रिक आम्ल, पीव्हीपी.
४. पाणी घालून १ लिटर.
५. पीएच ५.८. मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरवर लावून घ्या.
६. मग कोळसा (असल्यास) आणि अगार. उकळी येऊन अगार पारदर्शक होईपर्यंत तापवा.
७. बाटलीत ४० मिलिलिटर प्रमाणे भरा. एका लिटरमध्ये २५ बाटल्या होतात.

सारखी होणारी चूक म्हणजे पीएच लावून झाल्यावर आम्ले आठवणे. ती पीएच खाली ओढतात. पीएच ५.५ च्या खाली गेला की अगार नीट घट्ट होत नाही, तुकडा आत बुडतो आणि गुदमरतो. दुसरी चूक अगार घातल्यावर पीएच मोजण्याची. त्यात मीटरचे टोक बरबटते आणि पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, २० मिनिटे. झाकण लावल्यावर आधी हवा बाहेर जाऊ द्या, वाफेचा सलग झोत येऊ लागला की मगच व्हॉल्व्ह बंद करा. आत हवा अडकली तर काटा १५ दाखवतो, पण तापमान १२१ ला पोहोचलेले नसते. वेळ पूर्ण दाब आल्यापासून मोजायची. झाल्यावर दाब आपोआप उतरू द्या. घाईने वाफ सोडली की माध्यम उसळून झाकणाला लागते आणि पुढे तिथूनच बुरशी आत शिरते.

*तपासणी : थंड झालेली बाटली आडवी करा. माध्यम सरकता कामा नये. ४ दिवस बाहेर ठेवून प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून पाहा. प्रत्येक घाण्यातल्या २ बाटल्या रिकाम्याच ठेवा, पुढे दोष शोधताना त्यांचाच उपयोग होतो.*

टप्पा ३ : चीक काढणे आणि निर्जंतुकीकरण

इथे केळीपेक्षा फरक आहे. कोरफडीच्या सालीखालून निघणारा पिवळा चीक हवेत तपकिरी होतो आणि माध्यमात उतरला की तुकड्यालाच मारतो. म्हणून कापणी दोनदा करायची, एकदा लॅमिनारच्या बाहेर आणि एकदा आत.

बाहेर : मुळे काढा. बाहेरची पाने एकेक करून बुडाशी सोलून काढा. एका फटक्यात आडवी छाटू नका, कारण पानाच्या बेचक्यात खोडाच्या चकतीला लागून बसलेले डोळेच पुढे फुटवे देणार आहेत. ३ ते ४ सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. वाहत्या पाण्याखाली ३० ते ४५ मिनिटे धरा. पाण्यातला पिवळेपणा पूर्ण थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. मग मऊ ब्रशने घासा, ट्वीन-२० किंवा साध्या द्रवरूप साबणाचे थेंब घातलेल्या पाण्यात १० मिनिटे हलवा, धुवा. त्यानंतर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात ३० मिनिटे, मधून मधून ढवळत ठेवा. तीनदा धुवा.

लॅमिनारमध्ये : २० मिनिटे यूव्ही, मग यूव्ही बंद करून १५ मिनिटे हवा चालू, ७० टक्के अल्कोहोलने पुसणे. एवढे झाल्यावर :

१. ७० टक्के अल्कोहोल, ३० सेकंद. जास्त नको.
२. निर्जंतुक पाण्याने एकदा धुवा.
३. सोडियम हायपोक्लोराइट, १२ ते १५ मिनिटे. बाजारातल्या ४ टक्के द्रावणात तेवढेच निर्जंतुक पाणी मिसळले की २ टक्के होते. ट्वीनचे २ थेंब घाला, सतत हलवत राहा.
४. निर्जंतुक पाण्याने ५ वेळा, दर वेळी ३ मिनिटे.
५. लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्लाच्या गाळून निर्जंतुक केलेल्या द्रावणात (०.२२ मायक्रॉन सिरिंज फिल्टर) लागवडीपर्यंत बुडवून ठेवा.

हायपोक्लोराइट ताजे हवे. कॅनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या द्रावणाची ताकद उतरलेली असते. लेबलावर ४ लिहिले आहे म्हणून आत ४ असेलच असे नाही.

अनेक ठिकाणी अजून ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते प्रभावी आहे, पण पारा आहे. मातृझाडाची तयारी नीट केली असेल तर त्याची गरज पडू नये. वापरलेच तर ५ मिनिटांपेक्षा जास्त नको, हातमोजे घातल्याशिवाय नको, आणि ते द्रावण व पहिली दोन धुवणे वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणूनच द्या. मोरीत ओतू नका.

इशारा : हातावर अल्कोहोल ओले असताना पेटत्या दिव्याजवळ जाऊ नका. अल्कोहोलचे भांडे आणि ज्योत लॅमिनारच्या दोन टोकांना ठेवा. विजेवर चालणारे काचमण्यांचे स्टरिलायझर मिळाले तर ज्योत लागतच नाही.

टप्पा ४ : बाटलीत पहिली लागवड

निर्जंतुक ब्लेडने औषधाने भाजलेली पांढुरकी कड कापून टाका. उरलेला तुकडा १ ते १.५ सेंटिमीटर, खाली खोडाची चकती शाबूत. चकतीच गेली तर उरले ते नुसते पान, आणि त्यातून काही फुटणार नाही. शेंडा वर ठेवून चकती माध्यमात ३-४ मिलिमीटर रुतवा. एका बाटलीत एकच तुकडा. दर तुकड्याला ब्लेड आणि चिमटा बदला.

खोलीत २५ अंश, दोन अंश इकडे-तिकडे चालेल. पहिला आठवडा अंधारात ठेवा, त्याने तपकिरीपणा कमी होतो. मग १६ तास उजेड, २,५०० ते ३,००० लक्स. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात वीज गेली की बंद खोलीचे तापमान झपाट्याने चढते. पंख्याला आणि लॅमिनारला इन्व्हर्टर असूनही एसी बंद पडतो, हे धरूनच सुरुवातीची लागवड ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्या.

माध्यम तपकिरी होऊ लागले तर थांबू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुकडा त्याच बाटलीत कोऱ्या जागी किंवा नव्या बाटलीत हलवा. असे दोनदा-तीनदा करावे लागते. तिसऱ्यांदाही गडद कडे आले तर तो तुकडा सोडून द्या.

रोज पाहायचे ते बुरशी आणि जिवाणू. बुरशी ३ ते ५ दिवसांत कापसासारखी दिसते, जिवाणू त्याहून उशिरा, दुधी थर म्हणून. ती कुठून सुरू झाली हे आधी पाहा, कारण इलाज त्यावर ठरतो :

तुकड्याच्या कडेने सुरू झाली, तर दोष मातृझाडात किंवा निर्जंतुकीकरणात आहे.
तुकड्यापासून लांब, माध्यमावर ठिपक्यांनी आली, तर हाताळणीत किंवा लॅमिनारच्या फिल्टरमध्ये.
रिकाम्या ठेवलेल्या २ बाटल्यांतही आली, तर ऑटोक्लेव्हमध्ये.
बारीक नागमोडी रेघेत पुढे सरकली, तर बाटल्यांत बारीक कोळी कीड (माइट) किंवा मुंग्या शिरल्या आहेत. पावसाळ्यात हे फार होते. रॅकचे पाय आणि बाटल्यांची झाकणे तपासा.

असे न पाहता औषधाची वेळ ५ मिनिटांनी वाढवत नेली, तर तुकडे मरतात आणि बुरशी तशीच राहते. बिघडलेली बाटली खोलीत उघडायची नाही, झाकणासकट ऑटोक्लेव्ह करायची.

आठवडे उलटल्यावर बुडाभोवती धुरकट दुधी छटा आली, तर जिवाणू तुकड्याच्या आत आहेत. अँटिबायोटिक घालून ते दबतात, पुढच्या घाण्यात पुन्हा वर येतात. त्या मातृझाडाच्या क्रमांकाच्या सगळ्या बाटल्या काढून टाकणे परवडते.

टप्पा ५ : फुटवे वाढवणे

४ ते ५ आठवड्यांत मधला शेंडा हिरवा होतो आणि बुडाशी डोळे फुगतात. आता शेंड्याचा वाढता कोंब काढून टाका किंवा तुकडा उभा दोन भागांत चिरा. शेंडा जिवंत असेपर्यंत बाजूचे डोळे दबून राहतात. फुटव्यांच्या माध्यमात लावा.

पुढे दर ३ ते ४ आठवड्यांनी झुबका सोडवून नव्या माध्यमात टाका. एकेक बारीक कोंब सुटा केला की वाढ अडते, २-३ कोंबांचा झुबका ठेवा. सुकलेली पाने आणि काळे बूड दर वेळी कापा.

बीएपीबद्दल हात आखडता ठेवा. फुटवे कमी वाटले की प्रमाण ४-५ मिलिग्रॅमवर नेण्याचा मोह होतो. आठवडाभर संख्या वाढलेली दिसते, मग पाने जाड, पाणीदार, ठिसूळ, काचेसारखी होतात. अशी रोपे हार्डनिंगला जगत नाहीत. काचेरी झुबके दिसले तर बीएपी १ मिलिग्रॅमवर आणा, अगार ९ ग्रॅम करा, बाटलीच्या आतल्या भिंतीवर पाणी साचत असेल तर रॅकखालची उष्णता आणि झाकणाची हवाबंदी पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारले ते कळणार नाही.

बुडाशी पांढरा-पिवळा गाठीसारखा गोळा वाढू लागला तर तो कापून टाका. त्यातून निघालेली रोपे मूळ झाडासारखी असतीलच याची खात्री नसते. २,४-डी हे असे गोळे वाढवणारे हार्मोन या कामात वापरूच नका.

बाटलीतली पाने समोरासमोर दोन रांगांत येतात. ते बरोबर आहे, कोवळ्या कोरफडीची ठेवणच तशी असते.

उत्पादनाचा हिशेब दर फेरीला (झुबका सोडवून नव्या माध्यमात टाकण्याला) तिप्पट धरून करा. २० तुकड्यांतले १० वाचले आणि ६ फेऱ्या झाल्या, तर ७,२९० कोंब. मुळे आणि हार्डनिंगच्या तुटीसाठी पाचवा भाग वजा करा, हाती ५,८०० च्या आसपास येतील. आठ फेऱ्यांनंतर मातृझाडाकडून नवी सुरुवात करा. प्रत्येक बाटलीवर मातृझाडाचा क्रमांक, फेरी आणि तारीख लिहा. हे नसेल तर वरची आठची मर्यादा पाळताच येत नाही.

टप्पा ६ : मुळे

३-४ सेंटिमीटर उंच, ३-४ पानांचे कोंब वेगळे करून मुळांच्या माध्यमात लावा. त्याहून लहान परत फुटव्यांकडे. कोरफड मुळे सहज धरते, बऱ्याचदा हार्मोनशिवायही. २ ते ३ आठवड्यांत २-३ सेंटिमीटरची ३-४ मुळे आली की बाहेर काढा. अजून थोडी वाढू दे म्हणत ठेवलेल्या बाटलीत मुळे एकमेकांत गुंततात, धुताना तुटतात आणि तुटक्या टोकातून सड शिरते.

टप्पा ७ : हार्डनिंग

महिन्यांची मेहनत इथे पंधरा दिवसांत जाते. कारण जवळपास दर वेळी जास्तीचे पाणी असते.

बाटल्या झाकणासकट सावलीच्या जागेत ५ ते ७ दिवस ठेवा. शेवटचे २ दिवस झाकण सैल करा. रोप काढून कोमट पाण्यात अगारचा कण न कण धुवा. चिकटून राहिलेल्या अगारमधली साखर बुरशीला लगेच पोसते. लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिममध्ये ५ मिनिटे बुडवा, जाळीवर निथळत सावलीत २-३ तास ठेवा. केळीचे रोप एवढ्यात माना टाकेल. कोरफडीला हे सोसते आणि मुळांच्या जखमा सुकायला वेळ मिळतो.

प्रोट्रेमध्ये धुतलेले कोकोपीट आणि जाड वाळू किंवा परलाइट निम्मे-निम्मे. मूठ घट्ट आवळल्यावर थेंब गळता कामा नये. मुळे झाकली जातील, पण पानांचा गाभा पृष्ठभागाच्या वर राहील इतकेच खोल लावा. गाभ्यात कोकोपीट गेले की सड ठरलेली.

पहिला आठवडा : पॉलिथिनचा बोगदा बंद, वर ७५ टक्के शेडनेट. पाणी बोगद्याच्या आतल्या हवेत हलके, गाभ्यावर नाही.
दुसरा आठवडा : सकाळी तासभर कडा उघडा, रोज वेळ वाढवा.
पंधरा ते अठरा दिवसांनी : बोगदा काढा. पुढे वरचा एक सेंटिमीटर थर कोरडा झाला तरच पाणी, तेही ट्रेच्या कडेने.

*तपासणी : पाने तांबूस झाली तर ऊन जास्त. पातळ होऊन आत वळली तर तहान. बुडाशी पिवळी, पारदर्शक, मऊ झाली तर सड, आणि त्या ट्रेचे पाणी त्याच दिवशी बंद. तहान आणि सड यांत गल्लत झाली की सडणाऱ्या रोपाला आणखी पाणी दिले जाते.*

५-६ आठवड्यांनी ४ बाय ६ इंच पिशवीत माती, जाड वाळू आणि चाळलेले कुजलेले शेणखत सम प्रमाणात भरून लावा, ५० टक्के शेडनेटखाली. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर कार्बेन्डाझिमनंतर किमान १५ दिवस जाऊ द्या, नाहीतर तीही मरते, शेवटी बुरशीच ती.

विकण्यासाठी रोपे करणार असाल तर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी असलेली प्रमाणन व्यवस्था काय मागते, ते काम सुरू करण्याआधी पाहून घ्या.

रोप १२ ते १५ सेंटिमीटर, ५-६ पानांचे झाले की शेतात जाऊ शकते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात लावू नका. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, वरंब्यावर लावा, आणि लावल्यावर पहिले पाणी दोन-तीन दिवसांनी द्या.